तहानेतला ‘ह’

म्हादू,

शाळेच्या वार्षिकासाठी तुझ्यावर पानभर मजकूर हवा, असं हेडमास्तरांनी परवा मला सांगितलं. आमचे माजी विद्यार्थी, पासलीच्या शाळेचे मास्तर, गरिबीतून वर आले, विद्याव्यासंगी होते, हिवतापानं गेले, अशा चालीवर. मी हो म्हटलं आणि दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा पान बरं उतरलं, पण वाचून पाहिलं तर त्यात तू कुठंच नव्हतास. मीही नव्हतो, आणि ते माझ्या फार सोयीचं होतं. ते दोन्ही कागद फाडले. आता तुलाच लिहितो. छापतील न छापतील.

आपण इंग्रजी पहिलीत एका बाकावर आलो. तू पासलीहून डोक्यावर वळकटी घेऊन भोरला आला होतास आणि नीरेकाठच्या देवळाच्या ओवरीत राहत होतास. आठवड्याला तुझा कुणी चुलता भाकरी आणि चटणी आणून टाकायचा. शेवटच्या दोन दिवसांत त्या भाकरी तू पाण्यात भिजवून खायचास. माझे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. आमच्याकडं बोलण्यात एक शब्द वाकडा गेला तर जेवता जेवता टोकायचे. मराठीच्या तासाला तू उभा राहून धडा वाचलास, ‘हरणाला तान लागली.’ सगळा वर्ग फुटला.

“तान गवयाची असते,” मास्तर म्हणाले. “हरणाला काय लागते?”

“तान,” तू पुन्हा म्हणालास. तुला फरक ऐकूच येत नव्हता.

मास्तरांनी मला उठवलं. “वासुदेव, सांग रे याला.” मी छाती भरून ‘तहान’ म्हटलं. वर्गाकडं बघून म्हटलं, तुझ्याकडं बघून नव्हे. मधल्या सुट्टीत तू माझ्या अंगावर चालून आलास तेव्हा मला वाटलं, आता हा मारणार. तू माझ्या गळ्याला बोट लावलंस आणि म्हणालास, “परत म्हन बरं. त्यो ह कुठनं काढतूस, बगू दे मला.”

तिथून आपली मैत्री. तू ‘वासू’ म्हणायचास, मी ‘म्हादू’. माझ्या घरी मला ‘वासू’ म्हणणारी फक्त आई होती.

पुढं मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि तू फायनलची परीक्षा देऊन, ट्रेनिंग संपवून आपल्याच गावच्या शाळेवर मास्तर झालास. तुझ्या घरचं भातशेत, म्हातारी आई आणि एकशिक्षकी शाळा. कॉलेजात मला एक प्राध्यापक भेटले, त्यांच्या नादानं मी जर्मन शिकलो, भाषांच्या कुळांची शास्त्रं वाचली, आणि संस्कृतचा शिक्षक म्हणून भोरच्याच शाळेत परत आलो. भोरात हे सगळं सांगायचं कुणाला? शिक्षकांच्या खोलीत बदल्यांच्या आणि बढत्यांच्या गप्पा चालायच्या. म्हणून दर मेच्या सुट्टीत मी पिशवीत ते जाडं जर्मन पुस्तक टाकून डोंगर ओलांडून दिवसभर चालत तुझ्याकडं यायचो. मी तुला शिकवायला येतो, असा माझा समज होता.

त्या वर्षीचा वैशाख मला नीट आठवतो. वरचा झरा आटला होता आणि बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून वाटी-वाटीनं पाणी भरत होत्या. आपण पडवीत बसलो होतो. मी पुस्तक उघडून तुला एका शब्दाची गोष्ट सांगत होतो.

इंग्रज, जर्मन, डच या सगळ्यांचे पूर्वज फार पूर्वी एकच भाषा बोलत. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. मग पंडितांनी काय केलं, तर त्यांच्या वंशजांच्या भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले आणि मूळचा शब्द काय असेल ते ताडलं. इंग्रज तहानेला ‘थर्स्ट’ म्हणतो, जर्मन ‘दुर्स्ट’ म्हणतो. तेव्हा त्या पूर्वजांचा शब्द असणार ‘थुर्स्तुझ’. तो कुणी ऐकलेला नाही, कुठं लिहिलेला नाही, म्हणून त्याच्या आधी एक चांदणी काढतात. आणि त्याच्याही मागं जाल तर आपल्या संस्कृतातल्या ‘तृष्’चं आणि त्याचं मूळ एकच. जिथं आपला त, तिथं त्यांचा थ. आपले ‘त्रि’, त्यांचे ‘थ्री’. एकदोन ठिकाणी नव्हे, ओळीनं सगळीकडं.

“म्हंजे नियमच की,” तू म्हणालास.

“नियमच.”

“आन् आपल्या तानेचं?”

“संस्कृतात तृष्णा. प्राकृतात तिची झाली तण्हा. तण्हाची झाली तहान.”

“त्यो बी नियम?”

“तोही नियम.”

“मंग तहानची तान झाली, ती?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “ते अशुद्ध.”

तू इतका हसलास की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली. “वा रं वा! तेंनी केलं त्यो नियम आन् आमी केली ती चूक. जो शब्द कुनी ऐकलाच न्हाई, त्यो बरुबर, त्येच्याम्होरं चांदनी लावायची. आन् आमची आय रोज म्हनती त्यो शब्द चूक. वासू, तुज्या शास्तराला कान हायेत का न्हाईत?”

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार.

तेवढ्यात तुझी आई घागर घेऊन ओढ्यावरून वर आली. घागर टेकवून पदरानं तोंड पुसत, आपल्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाली, “औंदा रान लई तानलंय.”

तू ताठ बसलास. “ऐकलंस?”

“काय ऐकलं?”

“रान तानलंय म्हनली.”

“अरे, तो अलंकार आहे. माणसाला तहान लागते, ते आपण जमिनीवर लादतो. कवी लादतात तसं.”

“आमच्या आयला अलंकार?” तू म्हणालास. “उलटं हाय वासू. तुजा घसा कोरडा पडला त्यो कुनी बगितलाय? तुला तरी दिसला का? आतलं कुनालाच दिसत न्हाई. पन भेगाळल्यालं रान आख्ख्या गावाला दिसतं. आदी लोकांनी रानाला नाव दिलं आसंल. मंग कवातरी कुनी घशाला हात लावून म्हनला, माजं बी तसंच झालंय.”

मी मान्य केलं नाही. “मग भूक, खाज, गुदगुल्या? त्या कुठल्या रानात दिसतात?”

“त्ये तू बग बाबा. म्या रानातला मानूस, मला रानाचं ठावं.”

दोन दिवस आपण त्यावर भांडलो. जेवताना, ओढ्यावर आंघोळीला जाताना, तुझ्या बांधावर बसून. मी अनुभव आधी म्हणायचो, तू रान आधी म्हणायचास. असं भांडण मला नंतर कुठंही मिळालं नाही, म्हादू. पुण्याच्या प्राध्यापकांशी बोलतानाही मी जपून बोलायचो. तुझ्याशी बोलताना मला कधी चुकण्याची भीती वाटली नाही.

भोरला परत आल्यावर मी पुस्तकं काढून बसलो. तुझं म्हणणं खोडायचं होतं. त्या मुळाचा सगळ्यात जुना अर्थ पंडित काय देतात, तर सुकणं, कोरडं होणं. जर्मनमध्ये कोरड्यासाठी जो शब्द आहे, तो तहानेचाच सख्खा भाऊ. आणि जुन्या रोमन लोकांच्या भाषेत जमिनीला ‘तेर्रा’ म्हणत, तेही त्याच मुळातून आलेलं. समुद्र ओला, ही कोरडी, म्हणून तेर्रा. पासलीच्या पडवीत बसून, एकही पुस्तक न उघडता, तू तिथं पोचला होतास. उलट पुस्तकं जिथं थांबली होती त्याच्या पाऊलभर पुढं. शरीराच्या आतल्या जाणिवेला नाव बाहेरच्या जगातून मिळतं, हे त्या जाड्या पुस्तकात कुणी म्हटलेलं मला सापडलं नाही.

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की लगेच तुला पत्र लिहावंसं वाटलं. पत्राऐवजी मी लेख लिहिला.

पुण्याच्या एका मासिकानं तो छापला. ‘तृषा-शब्दाची उत्पत्ती’. सगळा युक्तिवाद तुझा होता, भेगाळलेल्या रानापासून घशाला लावलेल्या हातापर्यंत. तुझं नाव नव्हतं. आधी होतं, म्हादू. पहिल्या खर्ड्यात ‘माझे मित्र श्री. महादेव’ असं मी लिहिलं होतं. मग वाटलं, हे वाचणारे विद्वान. त्यांना खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा मास्तर सांगितला तर लेखाचं वजन जाईल. दुसऱ्या खर्ड्यात तू गेलास. तुझ्या आईचं वाक्य मात्र ठेवलं, ‘मावळातील एका कृषक स्त्रीचे उद्गार’ म्हणून. आणि त्यातही ‘तानलंय’ खोडून मी ‘तहानले आहे’ केलं. तिचं बोलणं मी शुद्ध करून छापलं.

पुण्याहून दोन मोठ्या माणसांची कौतुकाची पत्रं आली. मी ती शिक्षकांच्या खोलीत दाखवली. तुला अंक पाठवला नाही. भेटलास तेव्हा विषय काढला नाही. तूही काढला नाहीस, तेव्हा समजलो की तुझ्यापर्यंत तो पोचलाच नाही.

मग लढाई सुरू झाली. एक दिवस हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “ते जर्मन पुस्तक शाळेत आणत जाऊ नका, उगाच चौकशी नको.” हे तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास. “थुर्स्तुझ म्हनलं तर बेड्या घालत्याल व्हय रं?” आणि मग शाळेच्या मुलांना ओढ्यावर नेताना तू त्यांच्याकडून तोच शब्द घोकून घेतलास. पासलीची पोरं आठवडाभर एकमेकांना ‘थुर्स्तुझ लागलाय’ म्हणत पाणी मागत होती. तो शब्द पहिल्यांदा कुणी खऱ्या तहानेनं उच्चारला असेल तर त्या पोरांनी.

आता मुद्द्यावर येतो. बराच वेळ लावला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवायला एक जागा निघाली. तू अर्ज केलास. करताना मला म्हणालास, “आयला आता डोंगर चढवत न्हाई. भोरात दवाखाना हाय. आन् रोज तुज्याशी भांडाया मिळंल.” मी म्हणालो, “झालंच म्हणून समज.”

हेडमास्तरांनी मला बोलावलं. तुझा अर्ज समोर होता. ते चांगले गृहस्थ आहेत, तुझ्याविषयी त्यांचं मत चांगलं होतं. म्हणाले, “हे तुमचे मित्र. माणूस तयारीचा दिसतो. तुम्हाला काय वाटतं? आपल्या मुलांपुढं उभे करण्यासारखे आहेत?”

त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढं शिक्षकांची खोली आली. तू तिथं बसलायस, कुणीतरी त्या लेखाचा विषय काढलाय, आणि तू तुझ्या मोकळ्या आवाजात म्हणतोयस, “व्हय, आमच्या पडवीतच भांडलो त्येच्यावर.” तुझ्या मनात काही नसतं. तू नुसतं सांगितलं असतंस. आणि ती दोन पत्रं जिथं मी दाखवली होती, तिथंच सगळ्यांना कळलं असतं.

मी म्हणालो, “ज्ञानाचा प्रश्न नाही. उच्चार मात्र… शुद्ध नाहीत. मुलांवर संस्कार होतात.”

“असं होय,” ते म्हणाले आणि अर्ज बाजूला ठेवला.

ज्या बोलण्याच्या जोरावर मी लेख लिहिला होता, त्याच बोलण्यावरून तुला मी नाकारलं. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

तू येऊन सांगितलंस, “न्हाई झालं.” मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या खेपेला होईल रे. यंदा कुणाचा तरी वशिला असेल.” तू मान हलवलीस.

आणि मग हा श्रावण. तुझ्या गावचा एक माणूस पावसाची उघडीप बघून भोरच्या बाजाराला आला होता, त्यानं रस्त्यात गाठून सांगितलं, “म्हादूमास्तर गेले. आठ दीस झाले.” सात दिवस थंडी वाजून ताप येत होता. डोली करून वेल्ह्याकडं निघाले तर ओढे दुथडी भरून वाहत होते. दोनदा काठापर्यंत नेलं, दोनदा परत आणलं. लढाईमुळं क्विनाइन कुठं मिळत नाही, असं तो म्हणाला. माझ्या कपाटात त्या दिवशी क्विनाइनच्या गोळ्यांची बाटली होती. घरच्यांसाठी जपून ठेवली होती. तू भोरात असतास, तर ती तुझ्या घरी पोचवायला मला वाटीभर तांदूळ शिजायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता.

भाद्रपदात पाऊस ओसरल्यावर मी पासलीला आलो. सगळी भातखाचरं हिरवी, आणि तुझी पडवी शेणानं सारवलेली. तुझी आई आत पडून होती, ती उठली नाही. तुझ्या बायकोनं, सोनावहिनींनी, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. मी वाटेत सगळं जुळवलं होतं, कसं सुरू करायचं, कसं सांगायचं. बोलायला लागलो, “वहिनी, एक गोष्ट माझ्या हातून…”

“ठावं हाय, भावजी,” त्या म्हणाल्या.

मी उचललेला तांब्या खाली ठेवला.

“माघात ह्ये भोरला आल्ते ना, तवा हेडमास्तरांस्नी भेटले. माजं काय कमी पडलं म्हून इच्यारलं. त्ये म्हनले, ‘वासुदेवरावच म्हनत हुते, उच्चार तेवढे सुदरा.’ चांगल्या मनानंच सांगितलं त्येंनी.”

“म्हादूला राग आला असेल.”

“न्हाई वो. घरी आले आन् दोन दीस काय बोलले न्हाईत. मंग सुदराया लागले. रानात एकलेच जायाचे आन् मोट्यांदा म्हनायचे. तहान. तुम्ही. आम्ही. नाही. बैलाम्होरं म्हनायचे. म्या लई हसायची. आता वाटतं, हसाया नगं हुतं.”

मी विचारलं, त्या लेखाबद्दल तुला कळलं होतं का. मासिक म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं नाही, मग एकदम आलं. “त्ये व्हय! त्यो अंक लई वरसांमागं भोरातनं आनला. आत्याबाईंना बसवून वाचून दावला. म्हनले, ‘आय, तुजं बोलनं छापलंय वासूनं.’ आत्याबाईंनी दोनदा वाचाया लावलं. म्हनल्या, ‘व्हय, असंच म्हनलं हुतं म्या.’”

‘तहानले आहे’च्या जागी तू तिला ‘तानलंय’ वाचून दाखवलं असणार. नाहीतर तिला ओळखू कसं आलं असतं? माझी चोरी तू वर्षानुवर्षं घरात ठेवलीस आणि तिचा तुझ्या आईला अभिमान वाटेल असं केलंस. लेखाचा तुला राग नव्हता. मी ज्याच्या भीतीनं तुला शाळेबाहेर ठेवलं, ती भीतीच खोटी होती.

मग वहिनींनी जे सांगितलं, ते मी विचारलं नव्हतं. “तापात बी तसंच शुद्द बोलायचे. ‘मला तहान लागली आहे. पाणी द्या.’ असं, पुस्तकावानी. पानी दिलं तरी पुन्यांदा तेच. आत्याबाई घाबरल्या. म्हनल्या, ‘ह्यो कुनाशी बोलतुया? आपल्याशी न्हाई बोलत ह्यो.’”

आतून तुझी आई कण्हली. वहिनी उठून आत गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, मला माफ करा.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आवाज चढवला नाही. “माफी माज्याकडं न्हाई वो भावजी. ज्येंची हुती त्ये गेले. तुमी जेवून जावा.”

मी जेवलो, म्हादू. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

भोरला परत आल्यावर मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. लेखाचं, जागेचं, मी का तसं बोललो त्याचं. मला वाटलं होतं ते संतापतील. ते म्हणाले, “वासुदेवराव, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही खोटं काय बोललात? उच्चार अशुद्ध होतेच की त्यांचे.” मासिकाच्या संपादकांना लिहिलं की त्या लेखातला विचार माझा नाही, तो पासलीच्या महादेव मास्तरांचा आहे, एवढं पुढच्या अंकात छापा. त्यांचं कार्ड आलं. इतक्या जुन्या अंकाचा खुलासा आता वाचकांस अप्रस्तुत वाटेल; आपली विनयशीलता मात्र वाखाणण्यासारखी. ते कार्ड मी फाडलं नाही. कधी फार बरं वाटायला लागलं तर वाचावं म्हणून ठेवलंय.

म्हणून इथं लिहितो. तहान हा शब्द आधी रानाचा आणि मग माणसाचा, हे तू शोधलंस. तान हा शब्द चुकीचा नाही. तृष्णाची तण्हा झाली, तण्हाची तहान झाली, तहानेची तान झाली. त्या उत्तरेकडच्या लोकांनी त चा थ केला तो जर नियम, तर तुझ्या आईनं ह सोडला तोही नियम. हे मी तुझ्यासमोर एकदा म्हणायला हवं होतं. त्याला कुठलं पुस्तक लागत नव्हतं.

एक गोष्ट राहिली. पासलीहून परतताना सगळ्या वाटेनं तीच डोक्यात होती.

या वैशाखात मी नेहमीसारखा तुझ्याकडं आलो होतो. तेव्हा तुला सगळं कळून तीन महिने झाले होते, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तू मला बसायला घोंगडी टाकलीस, पाणी दिलंस, आंबे चिरलेस. तुझं बोलणं बदललंय हे माझ्या लगेच लक्षात आलं. शब्द एकेक करून, तोलून मापून येत होते. मी म्हणालो, “म्हादू, सुधारलास की रे!” तू नुसता हसलास.

वर्षभर मी तुझ्याविरुद्ध एक मुद्दा जुळवून आणला होता, तोच जुना खाज आणि गुदगुल्यांचा, पण नव्यानं बांधलेला. उभं रान पेटवून आपण दोन दिवस भांडू, अशा तयारीनं आलो होतो. सगळं मांडलं. तू तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास, “तुम्ही म्हणता तसंच असेल. तुम्ही शिकलेले आहात.”

‘तुम्ही’मधला ह अगदी स्वच्छ ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीपर्यंत पोचवायला आलास, माझी पिशवी घेऊन. तिथं थांबलास, पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, “या पुन्हा.”

चोवीस वर्षांत तू मला कधी ‘या’ म्हटलं नव्हतंस. मी डोंगर उतरताना खुशीत होतो. वाटलं, वाद शेवटी पटला तुला, आणि आता शुद्ध बोलण्याची सवयही जडली.